दात्याचे हात

सन २००७ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कहून २० धावपटू निघाले. आळीपाळीने, रात्रंदिवस धावत, १६ देश ओलांडून ९५ दिवसांनी ते न्यूयॉर्कलाच परतले. जगातील कोट्यवधी लोकांना पिण्यास शुद्ध पाणी मिळत नाही, हे त्यांना सांगायचे होते. ‘ब्लू प्लॅनेट रन’ असे त्या दौडीचे नाव. तिचा मुख्य खर्च उचलला डाऊ केमिकल कंपनीने.

हीच कंपनी २००१ पासून युनियन कार्बाइडची मालकीण. भोपाळच्या त्या कारखान्याभोवतीच्या वस्त्यांत जमिनीखालचे पाणी रसायनांनी नासले. रहिवाशांना शुद्ध पाणी पुरवा, असे सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये बजवावे लागले. ते उत्तरदायित्व आपले नव्हे, असे डाऊ सांगत आली आहे.

मग असा पैसा घ्यावा काय? साध्य उदात्त असले म्हणून साधन शुद्ध ठरत नाही, असे सेमिनरीत आम्ही उत्तरपत्रिकेत लिहीत असू. लिहिणे सोपे होते. पण त्या पैशातून कोठे विहीर खोदली गेली, तर घागर भरणाऱ्या बाईने दात्याची चौकशी करावी, असे आम्हांस वाटत नाही. चौकशी आयोजकांनी करायची, तीही दौडीपूर्वी. कारण दुसऱ्या गावाला दिलेले पाणी भोपाळच्या खात्यावर जमा होत नाही.

आम्हीही एकदा चर्चच्या विहिरीतील गाळ काढण्यासाठी एका कारखानदाराची देणगी स्वीकारली होती. त्याचे सांडपाणी कोठे जाते, हे विचारण्याचे धैर्य झाले नाही. पावती मात्र तत्परतेने लिहून दिली.