७ नंबरची खोली

अण्णा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी नोकरीतले काळे बूट सुटले नाहीत; तळ झिजला की चांभाराकडून नवा ठोकून घ्यायचे. साखरेचं दुखणं जुनं. उजव्या तळव्याला भोवरी झाली तेव्हा मेडिकलमधून पट्टी आणून चिकटवली. त्या पट्टीत कातडी जाळणारं सॅलिसिलिक आम्ल असतं, मधुमेह असलेल्यांनी ती लावायची नसते. पण पाकीट वाचतो कोण? भोवरी चिघळली, मोज्याला ओल दिसू लागली. दुखत नव्हतं, म्हणून अण्णा निर्धास्त.

पुतण्याने पुण्याला नेलं. ‘पोडियाट्रिस्ट’ हा शब्द त्यानेच शोधला होता. एरवी आपल्याकडे पाय हाडवाले, कातडीवाले, साखरवाले आणि सर्जन यांच्यात वाटलेला. फक्त पाय बघणारा मोठ्या शहरात मिळाला तर मिळतो. तिथे यंत्रावर उभं करून तळव्याच्या दाबाचं रंगीत चित्र काढलं आणि खास बुटांचा खर्च सांगितला. आकडा ऐकून अण्णांनी संध्याकाळची गाडी धरली.

राहिलं जिल्ह्याचं सिव्हिल. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरही फुकट. तिथल्या डॉक्टरबाईंनी जखम धुतली, औषध लिहिलं आणि म्हणाल्या, “आता ७ नंबरला पाय तपासून या.”

७ नंबरच्या दारावर पाटी होती, ‘कुष्ठरोग’. अण्णा दोनदा व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. शेवटी बाकाच्या अगदी कडेला टेकले.

बाकावर बोटं आखडलेले एक गृहस्थ होते, औषधं पुरी करून कधीच बरे झालेले. त्यांनी अण्णांच्या पायाकडे पाहिलं.

“बूट घालण्याआधी आत हात फिरवता का?”

“कशाला?”

“फिरवा एकदा. मीच बघितलं असतं, पण माझ्या हाताला कळत नाही.”

अण्णांनी हात घातला आणि झटकन बाहेर ओढला. बोटावर रक्ताचा थेंब. तळ ठोकताना वर आलेला खिळा, बरोबर भोवरीखाली. किती दिवस त्यावर उभे होते, देव जाणे.

आत तंत्रज्ञाने डोळे मिटायला सांगून बारीक नायलॉनचा धागा तळव्यावर जागोजागी टेकवला. अण्णा वाट बघत राहिले, आणि तपासणी संपलीसुद्धा. बधिर पाय सांभाळण्याचं शास्त्र मोठ्या प्रमाणात कुष्ठरोगाच्याच कामातून आलेलं आहे. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की या रुग्णांची बोटं आपोआप सडून गळत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून जखमेवर जखम होत जाते. मधुमेहात नसा गेल्या की तीच गत. मग तो पाय बघायला त्या खोलीइतकी सरावलेली जागा जिल्ह्यात दुसरी कुठली असणार?

तंत्रज्ञाने एमसीआर रबराच्या चपलेचं माप कागदावर काढून दिलं. आत मऊ, खाली टणक, मागे पट्टा.

चांभाराने कागद उलटसुलट केला. “खिळे नकोत? नुसतं चिकटवून टिकायचं नाही, अण्णा. कोणत्या डॉक्टरने सांगितलं हे?”

“डॉक्टरने माप दिलंय. खिळ्याचं शेजारी बसले होते त्यांनी सांगितलं.”

“कोण शेजारी?”

“मंगळवारी ड्रेसिंगला जायचंय. चल माझ्याबरोबर, त्यांची चप्पल बघ आणि मग शिव.”