उघडण्याचा अधिकार

वस्तू आपली केव्हा होते? पैसे मोजले तेव्हा, की ती उघडून पाहण्याची मुभा मिळाली तेव्हा? घरच्या टॅबलेटचे चार्जिंग बंद पडले आणि हा प्रश्न मला छळू लागला.

आमच्या बेळगावात मराठी घर असो वा कानडी, शब्द एकच: रिपेरी. सायकल, शिलाई मशीन, रेडिओ, सारे स्क्रू फिरवला की उघडे. टॅबलेट बंद करून मी लाकडी काडीने पोर्टातला मळ काढला, वायर बदलून पाहिली. पोर्ट ढिलेच. पुढची वाट मात्र बंद, कारण पडदा डिंकाने चिकटवलेला. तो ऊब देऊन सोडवायचा. आत लिथियमची बॅटरी, तिला टोचले तर ती पेट घेऊ शकते. ही अडचण निसर्गाने घातलेली नाही, माणसाने आखलेली आहे.

पडदा जपून सोडवला. पोर्ट मुख्य बोर्डावर सोल्डर केलेले दिसले. तिथे मी थांबलो आणि ओळखीच्या कारागिराकडे गेलो. उघडण्याच्या अधिकारात कुठे थांबावे हे ओळखणेही येते, असे मी मानतो.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. चांगलेच झाले. पण सुटे भाग मिळाले तरी दुरुस्तीची इच्छा घरातूनच यावी लागते. बिघडले की टाकून द्यायचे, ही सवय वस्तूंपाशी थांबत नाही. ती माणसांपर्यंत पोचते. शेजार आणि दोन भाषा सांभाळत आलेल्या आपल्या घरांना हे का वेगळे सांगायला हवे?