धर्म पाठ आहे, अभ्यास नाही

रायपूरच्या पुरानी बस्तीत महामाया देवीचं देऊळ आहे, जैतूसाव मठ आहे आणि जवळच रामानंदी साधूंचा दूधाधारी मठ आहे. दूधाधारी मठाला नागपूरकर भोसल्यांचा आश्रय होता. त्याच्या बांधकामात सिरपूरहून आणलेले कोरीव दगड आहेत, असं सांगतात. त्या सिरपुरात वासटा राणीने विष्णूचं विटांचं देऊळ बांधवलं. तिचा मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन मात्र शैव, आणि त्याच्याच राज्यात बौद्ध विहार भरभराटीला आले.

एकाच घराण्याच्या छायेखाली तीन पंथ कसे नांदले? हजार वर्षांनी मराठा राज्यकर्त्यांनी वैष्णव मठाला हात दिला तो भक्तीने, की नव्या मुलखात पाय रोवायला? हात जोडून उभ्या असलेल्या भाविकाला हे प्रश्न पडायची गरज नाही. विद्यापीठाला मात्र पडायलाच हवेत.

आपल्याकडे देवळं इतिहासाकडे, पोथ्या संस्कृतकडे आणि जाती समाजशास्त्राकडे अशी वाटणी झाली आहे. अख्खा धर्म कुणाच्याच वाट्याला येत नाही. कारण म्हणून घटनेच्या 28व्या कलमाकडे बोट दाखवलं जातं. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे खरं. पण गुरु नानकांचं जीवन आणि शिकवण यांचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1971मध्येच स्पष्ट केलं. धर्म शिकवणं वेगळं आणि धर्मांविषयी शिकवणं वेगळं, हा भेद कोठारी आयोगानेही केला होता. तेव्हा अडसर कायद्याचा नाही, आपल्या बिचकण्याचा आहे.

त्याची किंमतही आपण मोजतो. अंगभर रामनाम गोंदवून घेणाऱ्या छत्तीसगडच्या रामनामींवरचा महत्त्वाचा ग्रंथ 2002मध्ये आला तो रामदास लॅम्ब यांचा. ते आधी रामानंदी साधू होते, पुढे हवाई विद्यापीठात धर्माचे प्राध्यापक झाले. खंडोबा-बिरोबाच्या मागे धनगरवाड्यांतून हिंडले ते हायडेलबर्गचे सोन्थायमर. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचा शोध घेतला, पण तो विद्यापीठाच्या धर्म-विभागात बसून नव्हे.

अशा अभ्यासाने श्रद्धा डळमळेल, ही भाविकाची भीती. त्याने श्रद्धेला प्रतिष्ठा मिळेल, ही बुद्धिवाद्याची. ढेरे वाचून कुणाची वारी चुकलेली नाही, आणि केवळ वाचल्यामुळे कुणी वारकरी झाल्याचंही ऐकिवात नाही. वाढते ती समज. धर्मावरून डोकी भडकण्याच्या दिवसांत तीच कमी पडते आहे.

नागपूर आणि रायपूरच्या विद्यापीठांनी यासाठी हातमिळवणी करावी. भोसल्यांचे मोडी कागद वाचणारा एक विद्यार्थी आणि छत्तीसगढीत मठाच्या जुन्या सेवेकऱ्यांशी बोलणारा दुसरा, एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते.