कडुलिंबाखालीं



चैत्र सरत आला, विहिरींनीं तळ गांठला, आणि प्रार्थनेस बसलों तरी आमचें चित्त रिकाम्या घागरीकडेच धांवतें. परवां तर पाण्याच्या पाळीवरून मंडळींतीलच दोन घरांत बोलाचाली झाली. मन खिन्न होऊन आम्ही उपासनामंदिरामागील कडुलिंबाखालीं जाऊन बसलों.

शेतें भाजून निघतात त्याच दिवसांत ह्या झाडास कोंवळी पालवी फुटते व बारीक पांढरा मोहोर येतो! त्यास कोणी पाणी घालीत नाहीं. मुळें खोल ओलाव्यापर्यंत गेलेलीं असतात, आणि तें खोल जाणें एका पावसाळ्याचें काम नव्हे. उन्हाची धास्ती न बाळगणाऱ्या झाडाविषयीं यिर्मया सतराव्या अध्यायांत लिहितो. पण चौदाव्या अध्यायांत त्यानेंच अवर्षण वर्णिलें आहे, हें आपण विसरतों. तेथेंहि चाकर रिकामीं भांडीं घेऊन परततात. जणूं आमचीच विहीर! आणि सूखार येथील विहिरीवर भर दुपारीं थकून बसलेल्या प्रभूनें स्वतःच पाणी मागितलें.

काल सायंकाळीं त्या दोन घरांपैकीं एकाच्या दारीं भरलेली घागर ठेविलेली आम्हीं पाहिली. ती कोणीं ठेविली, हें आम्हीं विचारलें नाहीं.