झाडू कोणाच्या हातात?

अहिंसेवर आपण पुष्कळ बोलतो. कंदमुळं, रात्रिभोजन, गाळलेलं पाणी, चातुर्मासातली पालेभाजी, या सगळ्यावर आपल्या प्रत्येकीकडे ठाम मत आहे. पण आपण केलेला केर काढायचा कोणी, हा आपल्याला धर्माचा प्रश्न वाटत नाही. तो घरकामाचा प्रश्न. बाई लावली की सुटला. गेल्या वर्षी हाच प्रश्न आमच्या माधव नगरात थेट जपानहून आला आणि बरेच दिवस मुक्कामाला राहिला. म्हणून त्यावर लिहिते आहे.

माझ्या बहिणीची नात अकरावीत असताना विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीतून काही महिने जपानला गेली. हल्ली असं जाणं फार नवलाचं राहिलेलं नाही. जपान सरकारनं २०१८ साली 'आशिया काकेहाशी' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि भारतासह आशियातल्या अनेक देशांची शाळकरी मुलं तिकडच्या शाळांत राहून आली. काकेहाशी म्हणजे पूल. आमची मुलगी अशाच एका पुलावरून गेली. तिथल्या एका कुटुंबात राहायचं आणि तिथल्याच मुलांबरोबर रोज शाळेत जायचं.

घरच्यांना काळजी होती ती खाण्याची. बॅगेत कपड्यांपेक्षा खाकरे आणि मेथीचे ठेपले जास्त. काळजी खोटीही नव्हती. जपानी स्वयंपाकात सूप, रस्सा, नूडल्स यांच्या मुळाशी 'दाशी' नावाचा अर्क असतो आणि तो बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचा. ज्या घरी ती राहिली तिथल्या बाईंनी मोठ्या प्रेमानं तिच्यासाठी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाचा अर्क करायचं ठरवलं. मग शेवाळ अनंतकाय, ते चालेल का, यावर आमच्याकडे उज्जैनला दोन दिवस चर्चा. शेवटी वरण-भात आणि उकडलेली भाजी यावर गाडी रुळाला लागली. पोटाचा प्रश्न असा मिटला, आणि मग तिच्या फोनमधून शाळा ऐकू येऊ लागली.

शाळेच्या दारातच जोडे कपाटात ठेवायचे आणि आत वापरायचे मऊ जोडे घालायचे. हे ऐकून तिच्या आजीला बरं वाटलं. मंदिराची शिस्त जणू. तासाच्या सुरुवातीला सगळ्यांनी उठून शिक्षकांना वाकून नमस्कार करायचा. तेही आवडलं. दुपारी घरून आणलेला डबा. आणि मग रोज पंधरा-वीस मिनिटं सफाई. बाकं मागे सरकवायची. कोणी झाडू घेतं, कोणी ओल्या फडक्यानं फरशी पुसतं, कोणी फळा, कोणी जिना, कोणी संडास. वर्गाचे गट पाडलेले असतात आणि कामं फिरती असतात. या आठवड्यात जिना वाट्याला आला तर पुढच्या वेळी संडास येणार. वर्गशिक्षकही हात लावतात. धाकट्यांच्या शाळांमधली फडकी तर घरच्या जुन्या टॉवेलांची शिवलेली असतात.

"मावशीआजी, या आठवड्यात माझ्याकडे संडास आहेत," ती हसत म्हणाली. स्पीकर चालू होता. भिशीच्या निमित्तानं घरात सात-आठ जणी बसलेल्या. एक मिनिट कोणी बोललं नाही. मग एकीनं म्हटलं, "एवढे पैसे घालून पोरीला तिकडे संडास धुवायला धाडलं का गं?"

या वाक्यावर हसून पुढे जाऊ नये असं मला वाटतं. ते वाईट मनानं बोललेलं नव्हतं, मुलीच्या मायेनंच बोललेलं होतं. पण त्यात एक हिशेब दडलेला आहे. संडास धुणं हे काम नसून दर्जा आहे आणि तो आपला नाही, असा तो हिशेब. म्हणूनच आपल्या पोरीच्या हातात ब्रश आला की तिचं काम वाढलं असं वाटत नाही, तिचा मान गेला असं वाटतं.

या भीतीला आपल्या देशात खरा आधारही आहे. आपल्याकडच्या कितीतरी शाळांत मुलांकडून सफाई करून घेतात, पण कोणाकडून? ठरावीक वस्तीतल्या, ठरावीक आडनावांच्या मुलांकडून. बाकीची मुलं तेवढ्या वेळात पुस्तक वाचतात. याला शिक्षण म्हणता येणार नाही. रोज सगळ्यांसमोर दिलेली ती शिक्षा आहे, आणि तीही न केलेल्या गुन्ह्याची. हातानं मैला उचलण्यावर कायद्यानं बंदी आहे, २०१३ साली तो कायदा आणखी कडक झाला, तरी गटारात उतरून माणसं मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तेव्हा 'शाळेत मुलांनी सफाई करावी' एवढंच म्हणून भागत नाही. कोणी करावी, हे आधी विचारायला हवं.

जपानी शाळेचं उत्तर एका शब्दात सांगता येतं: आळीपाळी. डॉक्टरचा मुलगा, दुकानदाराची मुलगी, पहिला नंबर, शेवटचा नंबर, परदेशातून आलेली पाहुणी, सगळ्यांची पाळी येते. सूट कोणालाच नाही. जे काम सगळ्यांना करावं लागतं ते करणाऱ्याला खालचं ठरवायचं तरी कसं? तिथे ही सफाई अभ्यासक्रमाबाहेरची नाही. वर्गाची सभा, विद्यार्थी मंडळ, सहली, धाकट्यांच्या शाळेत जेवण वाढणं, या सगळ्याला मिळून 'तोक्कात्सु', म्हणजे विशेष उपक्रम, असं नाव आहे. इजिप्तसारख्या देशानं २०१८ पासून याच पद्धतीच्या शाळा आपल्याकडे सुरू केल्या. घाण मुलांनी साफ करावी यापेक्षा, आपण वापरलेली जागा पुढच्यासाठी नीट करून जावी, असा त्यामागचा विचार.

जपानी माणूस जन्मतःच समतेचा, असं मात्र कोणी समजू नये. कातडी कमावणारे, मेलेली जनावरं ओढणारे लोक तिथेही अस्पृश्यासारखेच वागवले जात. १८७१ साली सरकारी हुकमानं तो भेद रद्द झाला, पण त्यांच्या वंशजांना लग्नात आणि नोकरीत तो पुढेही कितीतरी वर्षं सोसावा लागला. घरातलं चित्रही असंच. शाळेत जिना पुसणारा मुलगा मोठा होऊन नवरा झाला की स्वयंपाक आणि केरवारे पुन्हा बायकोच्याच पदरात. म्हणजे शाळेतली पंधरा मिनिटं समाज बदलून टाकतात असा माझा दावा नाही. पण हे रक्तात नसतं, शिकवावं लागतं, आणि शिकवता येतं, एवढं तरी त्यातून दिसतं. जे त्यांनी शिकवलं ते आपल्यालाही शिकवता येईल.

आता आपल्या धर्माकडे वळू. जैन साधू-साध्वींच्या हातात काय असतं? शस्त्र नाही. श्वेतांबरांत ओघा, दिगंबरांत मोरपिंछी. दोन्हींचं काम एकच: बसण्याआधी, ठेवण्याआधी, पाऊल टाकण्याआधी जागा हळुवार झाडून घेणं, कोणी जीव दुखावू नये म्हणून. दीक्षेच्या वेळी ओघा हाती पडताच आनंदानं नाचणारी मुलगी आपण डोळे भरून पाहतो. साध्या भाषेत सांगायचं तर ती झाडणी मिळाल्याबद्दल नाचत असते! पाच समितींमधली शेवटची, उत्सर्ग समिती, तर आपल्या शरीराच्या मळाचीच आहे. तो कुठे आणि कसा टाकायचा, कोणत्याही जीवाला इजा न होता, याची जबाबदारी साधूची स्वतःची. चक्रवर्तीच्या घरून आलेला असला तरी त्याला यातून सुटका नाही.

आणि श्रावकांसाठी? आपण पौषध करतो तेव्हा काजो आपणच काढतो. नोकराला उपाश्रयात बोलावून काजो काढून घेतला असं कधी ऐकलंय? आयंबिलानंतर ताट धुऊन ते पाणी पिणाऱ्या बायका माझ्या माहेरी होत्या, इथेही आहेत. आपलं उष्टं दुसऱ्यासाठी शिल्लक राहू नये, हीच त्यामागची समजूत. म्हणजे आपल्याकडे ही शिकवण नवी नाही. आपण ती व्रताच्या दिवसांपुरती ठेवली आणि बाकीचे दिवस मोकळे सोडले.

आपल्या शास्त्रात आणखी एक बारीक गोष्ट आहे. पाप तीन वाटांनी लागतं: स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, दुसऱ्यानं केलेल्याला मनानं संमती दिली. करणं, करवणं, अनुमोदन. पाठशाळेत आपण हे पाठ करतो. मग झाडू मी धरला नाही म्हणून झाडताना मेलेल्या मुंग्यांचा दोष मला नाही, असं कसं म्हणता येईल? पाच घरं उरकायची असलेली बाई घाईत फिनेल ओतते; यतना पाळायला तिच्याकडे वेळ कुठला? ती घाई तिला आपण दिलेली आहे. आणि त्याच न्यायानं, घाण काढणाऱ्या माणसाला कमी लेखण्याचं पापही 'करवणं' आणि 'अनुमोदन' या खात्यांत जमा होतं. कीटकांची दया शिकवणारा धर्म माणसाला त्या दयेतून वगळत नाही.

यावर मैत्रिणी दोन गोष्टी विचारतात, आणि दोन्ही योग्य आहेत.

पहिली: आपण आपलं काम करू लागलो तर बाईच्या पोटाचं काय? बाईला काढून टाका असं मी म्हणतच नाही. मजुरी देऊन काम करून घेण्यात अधर्म नाही. जपानी शाळांतही दुरुस्तीसाठी आणि देखभालीसाठी माणसं असतात. प्रश्न तिच्यासाठी खिडकीत ठेवलेल्या वेगळ्या कपाचा आहे. ती ज्या संडासाची फरशी घासते तो तिला वापरायला मिळतो का, याचा आहे. आणि ज्या घरातल्या मुलांना स्वतःचं ताट उचलायचीही सवय नाही, त्या मुलांच्या मनात तिच्याविषयी काय तयार होतं, याचा आहे.

दुसरी: बायका तर जन्मभर झाडूच मारताहेत, आता हे नवं प्रवचन कशाला? अगदी खरं. पण म्हणूनच आळीपाळी हवी. एकीच्याच हातात राहिलेला झाडू ही सेवा नसते, ती वाटणी असते आणि ती अन्यायाची असते. जपानी वर्गात मुलगे वाकून फरशी पुसतात, हे सांगताना आमच्या मुलीचा आवाज कसा चढला होता! घरात मुलगा आणि मुलगी दोन्ही असतील तर पाळीचा कागद फ्रिजवर दोघांच्या नावानं लागला पाहिजे, आणि खाली त्यांच्या वडिलांचंही नाव.

जपानकडून शिकण्याची मराठी माणसाची ही पहिली वेळ नव्हे. महर्षी कर्व्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली आणि त्यातून १९१६ साली पुण्यात आपलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. आपल्यापैकी कित्येकींच्या आया-आज्या त्याच पदवीनं शिकल्या. झाडूच्या बाबतीत तर घरचेच गुरू होते. गाडगेबाबा गावात शिरले की आधी रस्ते झाडत, कीर्तन रात्री. एम. ए. झालेले आप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैलासफाईचं काम मागितलं. तुम्ही वरच्या जातीचे, तुम्हाला देता येणार नाही, असं उत्तर मिळालं, तेव्हा त्यांनी अन्न कमी केलं आणि त्यांच्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपवास धरला. काम मिळावं म्हणून उपवास! शिक्षा म्हणून जे काम दिलं जातं ते या माणसानं हक्क म्हणून मागितलं.

आमच्या शेजारचं इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरत आलं. उज्जैनकरांना त्याचा थोडा हेवा वाटतो आणि थोडा अभिमानही. पण तिथलं खरं कौतुक मला चकचकीत रस्त्यांपेक्षा घराघरांत ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या हातांचं वाटतं. शहर स्वच्छ करायला गाड्या विकत घेता येतात. हात लावायची सवय विकत मिळत नाही, ती लहानपणी लागावी लागते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या रविवारच्या पाठशाळेत शेवटची दहा मिनिटं सफाईची ठेवा. गट पाडा, पाळ्या लावा. शिकवणाऱ्या ताईंचं नाव पहिल्या गटात आणि ट्रस्टींच्या नातवाचं नाव बाकी सगळ्यांसारखंच. स्वामिवात्सल्याच्या पंगतीत ज्यानं-त्यानं आपलं ताट आपण धुऊन ठेवावं. संडासाची पाळीही यादीत असू द्या, नाहीतर तेवढं एकच काम पुन्हा कोणाच्या तरी जन्माला चिकटेल. कोणी आई येऊन म्हणाली, "माझ्या मुलाला याच्यासाठी धाडते का?" तर तिला पाच समिती म्हणून दाखवायला सांगा. पाचवीपाशी आली की ती आपोआप थांबेल.