रस्ता शांत का आहे?



आपल्या युवक मंडळाने या हिवाळ्यात सायकल सहल काढायचे ठरवले आहे. मांजरसुंब्यापर्यंत सायकली टेम्पोत घालून न्यायच्या, तेथून कपिलधार पाहायचे आणि मग मोठा रस्ता सोडून आतल्या रस्त्यांनी पाटोद्याच्या अंगाने जायचे, असा बेत आहे. बैठकीत मुलांनी मोबाइलवर फ्रान्समधल्या डोंगराळ खेड्यांतील रस्त्यांची छायाचित्रे दाखवली. अरुंद डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना झाडी, दगडी घरे, आणि मैलोन्‌मैल एकही वाहन नाही. सायकलवाले तेथे जगभरातून येतात म्हणे. एक मुलगा म्हणाला, "फादर, आपला बालाघाटही असाच आहे, फक्त कोणाला ठाऊक नाही."

त्याचे बोलणे अगदी खोटे नाही. आपल्या जिल्ह्याचे दोन भाग जुनी माणसे नावाने ओळखतात. गोदावरीकाठची काळी सपाट जमीन ती गंगथडी, आणि वरचा माळाचा, दऱ्याखोऱ्यांचा मुलूख तो बालाघाट. 'बाला' हा फारसी शब्द, त्याचा अर्थ वरचा. पाटोदा तालुक्यात मांजरा उगम पावते. त्याच तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. ते 1994 साली घोषित झाले. पावसाळ्यात सौताड्याला विंचरणेचा धबधबा पाहायला गर्दी होते, पण दिवाळीनंतर तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. सीताफळाचा हंगाम सरत आलेला असतो, ज्वारी गुडघ्याच्या वर आलेली असते आणि सकाळच्या वेळी मोरांचा आवाज रस्त्यावरून ऐकू येतो. आपल्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे.

बैठकीत मागे आपल्या धर्मग्रामातील एक वडीलधारे बसले होते. त्यांनी आयुष्यातले वीसहून अधिक हंगाम ऊसतोडीत काढले आहेत. ते म्हणाले, "चढ मुद्दाम कामून चढायचा? आम्ही चढलो ते पोटापायी. तुम्ही उगंच घाम गाळायचा अन् त्याला मजा म्हनायचं?" मुले हसली, ते मात्र हसले नाहीत. त्यांच्या या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे.

आधी एवढे पाहू की घाम दोन्हीकडे सारखाच असतो. घाट चढणाऱ्या मुलाची छाती भरून येते, मांड्या भरतात. ऊस भरताना बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, तेव्हा तिच्याही शरीरात हेच घडते. मग एकाला सहल आणि दुसऱ्याला हाल का म्हणायचे? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक दाखला आम्हाला वाचावा लागे. वादळात सापडलेल्या जहाजाचा कप्तान माल समुद्रात फेकून देतो. हे त्याने स्वेच्छेने केले की बळजबरीने? हात त्याचेच, निर्णयही त्याचाच. पण शहाणा माणूस वादळ नसताना असे कधी करणार नाही. ॲरिस्टॉटल अशा कृतींना संमिश्र म्हणतो. त्या क्षणी त्या स्वेच्छेच्या असतात, पण त्या कृतीसाठीच ती कृती कोणी निवडत नाही.

आपल्याकडची उचल अशीच नाही का? मुकादमाकडून पैसे घेताना कोणी बंदूक रोखलेली नसते. अंगठा स्वतःचाच असतो. पण घरात लग्न असते किंवा दवाखाना असतो, विहिरीचा तळ दिसत असतो, आणि समोर दुसरा रस्ता नसतो. वादळातला माल फेकावा तसे माणूस पुढचे सहा महिने फेकून देतो. एकदा उचल घेतली की थांबता येत नाही. गाडी रात्री दोन वाजता आली तर रात्री दोन वाजता भरावी लागते. हंगामात उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षावर चढते. सायकलवाल्या मुलाचे मात्र तसे नाही. दम लागला तर तो उतरून बाटलीतले पाणी पिईल, वाटले तर टेम्पो बोलावून घरी जाईल. दोघांच्या घामातला फरक मला येथे दिसतो. एकाला थांबायची मुभा आहे, दुसऱ्याला नाही.

येथून एक चुकीचा निष्कर्ष निघू शकतो, आणि धार्मिक माणसे तो फार लवकर काढतात. तो असा की गरिबाचे कष्ट पवित्र आणि तरुणांची मौज थिल्लर. कष्टाचे कौतुक करणे आम्हा प्रवचनकारांना सोपे जाते, कारण ते कष्ट आम्हाला करायचे नसतात. संत थॉमस अक्वायनस मात्र स्पष्ट सांगतात की सद्गुणाचे सार चांगुलपणात असते, अवघडपणात नव्हे. एखादी गोष्ट कठीण आहे एवढ्यानेच ती थोर ठरत नाही. तेव्हा ऊसतोडीच्या हालांना आपण तपश्चर्या म्हणू नये. ती तपश्चर्या नव्हे, ते हालच आहेत, आणि ते कमी झाले पाहिजेत.

मौजेविषयीही असेच. योझेफ पीपर या जर्मन तत्त्वज्ञाने 1948 साली फुरसतीवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्या वेळी जर्मनी महायुद्धाने बेचिराख झालेला होता आणि जो तो विटा उचलण्यात गुंतला होता. अशा वेळी फुरसतीवर लिहायचे म्हणजे धाडसच. त्याचे म्हणणे असे की फुरसत ही उद्या पुन्हा कामाला लागता यावे म्हणून घेतलेली विश्रांती नसते. जगाकडे काही काढून घेण्यासाठी न पाहता नुसते पाहणे, जे समोर आहे ते स्वीकारणे, ही माणसाची स्वतःची गरज आहे आणि तिच्यावाचून माणूस नुसता कामकरी उरतो. मला हे पटते. सायकल त्यासाठी चांगले वाहन आहे. मोटारसायकलवरून मोर दिसत नाही, आवाजाने तो आधीच पळतो. पायी जावे तर दिवसात दोन गावे होतात. सायकलवर माणूस पुरेसा हळू असतो आणि तरी पोहोचतो. तेव्हा मुलांनी जावे, आनंदाने जावे. फुरसत सर्वांच्या वाट्याला येत नाही, ही खरी तक्रार आहे. मुलांची फुरसत काढून घेतल्याने ती दुसऱ्या कोणाला मिळणार नाही.

परंतु बैठकीत न विचारला गेलेला आणखी एक प्रश्न आहे, आणि तो मला अधिक टोचतो. हे रस्ते शांत का आहेत?

सोलापूर-धुळे महामार्गाने मोठी वाहतूक आपल्याकडे ओढून घेतली, हे एक कारण. दुसरे आपल्या सर्वांना ठाऊक आहे, पण शांततेचे कारण म्हणून आपण त्याकडे पाहत नाही. दसरा-दिवाळीला कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसांची मोजणी अवजाराने होते. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, जेथे कारखाना असेल तेथे ती जातात. मागे आजी-आजोबा राहतात, काही मुले राहतात, कुलपे राहतात. नाताळच्या मिस्सेला आपल्या मंदिरातील बाके कशी दिसतात ते तुम्ही पाहताच. ज्या महिन्यांत बालाघाट सायकलीसाठी सर्वांत सुंदर असतो, त्याच महिन्यांत तो निम्मा रिकामा असतो.

आता त्या फ्रान्सच्या छायाचित्रांकडे पुन्हा पाहू. मध्य फ्रान्समध्ये क्रूझ नावाचा एक डोंगराळ जिल्हा आहे, आकाराने आपल्या बीडच्या साधारण निम्मा. जमीन हलकी, शेतात भागत नसे. म्हणून तेथील पुरुष दर वसंतात गवंडीकामासाठी पॅरिसला जात आणि हिवाळ्यात परत येत. शेती बायका आणि म्हातारी माणसे सांभाळत. मार्तें नादो हा त्यांच्यापैकीच एक. तो 1830 साली, चौदाव्या वर्षी, बापाबरोबर पायी पॅरिसला निघाला. पुढे 1849 साली तो फ्रान्सच्या संसदेवर निवडून गेला. 1895 साली त्याने आपल्या गवंडी आयुष्याच्या आठवणी छापल्या, म्हणून आज आपल्याला हे इतके तपशिलाने ठाऊक आहे. आपल्या ऊसतोड कामगारांचा नादो अजून व्हायचा आहे. पॅरिसचे जे रुंद रस्ते आणि देखण्या इमारती पाहायला लोक जातात, त्यांच्या भिंतींत क्रूझच्या माणसांचे हात आहेत.

मग हळूहळू गवंडी परत येईनासे झाले. बायका-मुलेही शहरात गेली. पहिल्या महायुद्धाने (1914–1918) उरलेल्या तरुणांतले कितीतरी नेले. जाँत्यू या तेथील एका खेड्यात युद्धातील मृतांचे स्मारक आहे. त्यावर सैनिकाचा पुतळा नाही, मूठ आवळून उभा असलेला एक पोरका मुलगा आहे. 1851 साली क्रूझची लोकसंख्या सुमारे 2,87,000 होती. आज ती 1,15,000 च्या आसपास आहे. रेमों पुलिदोर हा फ्रान्सचा लाडका सायकलपटू याच जिल्ह्यात 1936 साली बटईने शेती करणाऱ्या कुटुंबात जन्मला. टूर द फ्रान्समध्ये तो आठ वेळा पहिल्या तिघांत आला, पण आघाडीवीराचा पिवळा सदरा त्याच्या अंगावर एकदाही चढला नाही. ज्या रस्त्यांवरून आज परदेशी सायकलवाले समाधानाने जातात आणि "किती शांत!" म्हणतात, ते रस्ते तेथील लोकांनी शांत राहावेत म्हणून ठेवलेले नाहीत. चालणारी माणसे निघून गेली, एवढेच.

म्हणून काय त्या रस्त्यावर जाऊ नये? मला तसे वाटत नाही. रिकाम्या घरासमोरून जाणाऱ्याने घर रिकामे केलेले नसते, आणि त्याने न जाण्याने ते भरणारही नाही. पण शांततेचा आनंद घेताना ती कोठून आली हे ठाऊक असणे आणि नसणे यांत फरक आहे. ज्याला ठाऊक नाही, त्याला बालाघाट म्हणजे नुसता देखावा. ज्याला ठाऊक आहे, त्याला बंद दारावरचे कुलूपही दिसते. आनंद त्याने थोडा कमी होत असेल, कबूल. पण मग तो त्या जागेचा आनंद असतो.

सहलीविषयी माझी एकच विनंती आहे. काहींनी सुचवले की ऊसतोड कामगारांविषयी जनजागृतीचे फलक सायकलींना लावावेत आणि वाटेत बिस्किटांचे पुडे वाटावेत. कृपा करून असे करू नका. सहल ही सहलच असू द्या. म्हाताऱ्या माणसांबरोबर छायाचित्रे काढून ती सगळ्यांना पाठवण्याचेही टाळा. मात्र दहाच्या सुमारास एखाद्या गावात पोहोचाल, तेव्हा पारावर चार आजोबा बसलेले असतील आणि कोणी आजी नातवंडाला घेऊन ओसरीत असेल. तेथे सायकली टेकवा. पाणी मागा, पाणी मागितलेले खेड्यातल्या माणसाला आवडते. कोणाचा कोयता कोठे गेला आहे, फोन येतो का, नातवंड शाळेत जाते का, हे विचारा आणि अर्धा तास तरी ऐकून घ्या. कोणाच्या गोळ्या संपल्या असतील, कोणाच्या निराधार योजनेच्या कागदावर सही राहिली असेल, तर ते कळल्यावर काय करायचे हे तुम्हाला मी सांगायला नको. एवढ्याने तुमचे चार-पाच किलोमीटर कमी होतील, तर होऊ द्या.

आणि जमल्यास तीच सहल पुन्हा एकदा गुढीपाडव्याच्या सुमारास काढा. ऊन कडक असेल, सीताफळीची पाने झडलेली असतील, पाहण्यासारखे फारसे काही नसेल. त्या दिवसांत कारखाने बंद होऊ लागतात आणि ट्रॅक्टर परततात. ट्रॉलीत वरपर्यंत रचलेले सामान, पाचटाच्या भाऱ्या, कोंबड्या, त्यावर बसलेली मुले आणि मोठ्याने लावलेली गाणी. आतला रस्ता अरुंद आहे, सायकलला जागा उरत नाही. खाली उतरून कडेला, काट्यांत, उभे राहावे लागते. एक ट्रॅक्टर जातो तोवर मागून दुसरा येतो.