गोळी मागणाऱ्याचं घर

चि. भाचीस,


डी.फार्म. होऊन मेडिकलमध्ये कामाला लागलीस, फार बरं वाटलं. शेड्यूल एच-वनचं रजिस्टर कसं ठेवायचं ते मालक दाखवतीलच. अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल, कोडीनचं सिरप यांतलं काही दिलं की पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती दिलं ते लिहायचं आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. २०१४ पासूनचा हा नियम चांगलाच आहे. पण चिठ्ठीशिवाय गोळी मागणारा माणूस तिथवर कसा पोचला, हे त्या रजिस्टरात कुठंच येत नाही. तेच सांगायला हे पत्र.

आमच्या दुकानात चौथी-पाचवीतला एक मुलगा यायचा. हातात कात्रीनं कापलेला स्ट्रिपचा तुकडा, त्यावर औषधाचं अर्धंच नाव. ‘आईची झोपेची गोळी द्या.’ चिठ्ठी नाही म्हटलं तरी हलायचा नाही, रिकाम्या हातानं घरी जायची त्याला भीती वाटायची. बाप पिऊन यायचा, आई मार खाऊन गोळीवर झोपायची, आणि हा जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून जागा. पुढं मिसरूड फुटल्यावर तो स्वतःसाठीच गोळी मागायला आला. म्हणाला, ‘काका, ही घेतली की कान बंद होतात.’

वर्षानुवर्षं धास्तीत वाढलेल्या मुलाचं शरीर मोठेपणीही सावधच राहतं. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, बारीकशा आवाजानं दचकायला होतं. अशा माणसाला गोळीतून पहिल्यांदा स्वस्थपणा मिळतो, आणि मग तो सोडवत नाही.

हे नुसतं माझंच निरीक्षण नाही. अमेरिकेत सॅन दिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिटी वजन कमी करण्याचा उपक्रम चालवत होते. ज्यांचं वजन चांगलं उतरत होतं, तेच लोक मधेच सोडून जात. खोलात विचारलं तेव्हा पुष्कळांच्या बालपणी अत्याचार झाल्याचं निघालं. मग डॉ. रॉबर्ट आंडा यांच्याबरोबर त्यांनी सतरा हजारांवर प्रौढांना मारहाण, अपमान, आबाळ, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड यांबद्दल विचारलं. पहिला निबंध १९९८ साली आला. असे पाच किंवा जास्त अनुभव असलेल्यांत अमली पदार्थांचा त्रास सात ते दहा पटींनी अधिक आढळला. मनाच्या आजारांवरची औषधंही अशाच लोकांना जास्त लिहून दिली जात होती. म्हणजे गोळी पुष्कळदा डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घरात येते, आणि डोस वाढतो तो नंतर.

याचा अर्थ अशा घरातलं प्रत्येक मूल बिघडतं, असा मुळीच करू नकोस. बहुतेक सावरतात. एखादी आजी, एखादे मास्तर, शेजारची काकू, कुणीतरी एक जण विश्वासाचं असलं तरी मोठा फरक पडतो. गरिबीपेक्षा मला घरातला अबोला जास्त घातक वाटतो. आणि खाऊनपिऊन सुखी घरांतही मुलाच्या प्रत्येक दुखण्याला, रडण्याला, परीक्षेच्या भीतीला गोळी हेच उत्तर मिळतं, तेही वाईटच.

आता कामाचं सांगतो. चिठ्ठी नसेल तर द्यायचं नाही, त्यात हयगय नको. पण चारचौघांत ‘नशेडी’ म्हणून हाकलूही नकोस. बाजूला घेऊन बोल. रोज झोपेची गोळी घेणाऱ्याला ‘आजपासून बंद कर’ असं चुकूनही सांगू नकोस. अशी गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी लागते. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून घरच्यांना बरोबर घेऊनच उपचार करतंय, तेव्हा घरच्यांशीही बोल.

आणि एखादं लहान पोर मोठ्यांच्या गोळ्या न्यायला आलं, तर गोळी देऊ नकोस, पण त्याची चौकशी कर. जेवलास का, घरी कोण आहे, एवढं तरी विचार. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तो काउंटरच्या काचेवर, पोरांनाही दिसेल इतका खाली, आजच चिकटव.

तुझा,
मामा